"ह्यांना न कळता देता येईल असं औषध आहे का?" घरात व्यसन शिरल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

दर शनिवारी संध्याकाळी आमचा, व्यसनात अडकलेल्यांच्या कुटुंबीयांचा गट जमतो. पहिल्यांदा आलेली बाई बराच वेळ गप्प बसते, चहा संपवते आणि निघताना दाराशी घुटमळत विचारते, "ताई, ह्यांना न कळता भाजीतून देता येईल असं काही औषध असतं ना?" एसटी स्टँडच्या भिंतीवर किंवा पेपरातल्या छोट्या जाहिरातीत तिनं ते वाचलेलं असतं. मी तिला हसत नाही. कारण अशी तीन हजारांची पुडी मी स्वतः कुरिअरनं मागवली होती, माझ्या थोरल्या भावासाठी.

आईनं ती पावडर आमटीत घातली. त्या रात्री दादा नेहमीसारखा पिऊन आला, जेवला आणि अर्ध्या तासात त्याचा चेहरा लालबुंद झाला. घाम, उलट्या, छातीत धडधड. आम्ही तिघी, म्हणजे आई, वहिनी आणि मी, स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघून चक्क खूश झालो. औषध लागू पडलं म्हणून! पुढे मानसोपचारतज्ज्ञांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "वाचला तुमचा भाऊ."

पुडीवर नाव नव्हतं, त्यामुळे आत नेमकं काय होतं ते आजही सांगता येणार नाही. पण डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे आणि त्यानं अगदी असंच होतं. दारू शरीरात मोडताना अॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. एरवी शरीर तो लगेच निकामी करतं, हे औषध नेमकं तेच थांबवतं. मग माणूस प्यायला की रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला आपण गोळी घेतोय हे माहीत आहे, ज्याचं लिव्हर तपासलेलं आहे आणि ज्यानं होकार दिलाय, त्यालाच ती डॉक्टर देतात. चोरून देणं म्हणजे विषप्रयोग. तेव्हा घरात पुडी असेल तर आजच फेकून द्या, आणि मग पुढचं वाचा.

मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर असलेल्या माणसाची बहीण आहे. दादाची दारू बारा वर्षं चालली, बंद होऊन सहा वर्षं झाली. या काळात आम्ही बहुतेक गोष्टी केल्या, पण उलट्या क्रमानं केल्या. म्हणून इथे क्रम सांगते. उदाहरणं जास्त करून दारूची आहेत. गर्द (भेसळीचं हेरॉइन), एमडी (मेफेड्रोन), झोपेच्या गोळ्या यांचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी ओळखा, आणि लाज जरा बाजूला ठेवा

2019 साली केंद्र सरकारनं एम्सकडून केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल आला. देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी, आणि त्यातल्या 5.7 कोटींहून जास्त लोकांना मदतीची गरज. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळालेला. बाकीचे 37 कुठे आहेत? घरात आहेत, आणि घरचे शेजाऱ्यांना "पित्ताचा त्रास आहे" म्हणून सांगतायत. दादाला आमच्या गल्लीत सात वर्षं पित्त होतं.

रोज पिणारा तो व्यसनी आणि सणावारी पिणारा तो नाही, इतकं ते सोपं नसतं. डॉक्टर साधारण सहा गोष्टी बघतात. अनावर तलफ. एक पेग म्हणून बसल्यावर हात न थांबणं. तेवढाच अंमल चढायला पूर्वीपेक्षा जास्त लागणं. न मिळाल्यास शरीरानं त्रास देणं. बाकीच्या आवडीनिवडी, कामधंदा मागे पडणं. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही चालूच राहणं. वर्षभरात यातल्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो आजार. घरच्यांना सगळ्यात आधी दिसतं ते सकाळचं. कपबशी दोन्ही हातांनी धरावी लागते, आणि एक घोट पोटात गेला की हात स्थिर होतो. हे दिसलं तर थांबू नका.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. घरातली चांदीची पन्नी संपते, तिचे काळपट पट्टे टाकलेले सापडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, माणूस बसल्या जागी पेंगतो. एमडीचं चित्र उलटं असतं. दोन-दोन रात्री झोप नाही, भूक नाही, जबडा आवळलेला, बडबड, नंतर संशय. हे मेफेड्रोन 2015 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधी ते राजरोस मिळायचं, आणि "एवढं काही नसतं त्यात" हा समज तेव्हापासून पोरांच्या डोक्यात बसलेला आहे. लहान मुलांच्या बाबतीत सोल्यूशन, व्हाइटनर, पेट्रोल यांचा वास आणि ओला रुमाल बघा. त्याच पाहणीत असं दिसलं की हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. पण मुलाच्या दप्तरात एक पन्नी सापडली म्हणून त्याला कानाखाली मारायची घाई नको. विचारा, दोन आठवडे लक्ष ठेवा, मग डॉक्टरांकडे न्या.

वही घाला

हे काम साधं आहे आणि कुणीच करत नाही. वहिनी दुधाच्या हिशेबाची वही ठेवायची. मागच्या पानांवर तिनं दादाचं लिहायला सुरुवात केली. पेन्सिलनं, अगदी बारीक अक्षरात: "मंगळ. 1 क्वा. दुपारीच. जेवण नाही. पोरीवर ओरडले." तीन आठवड्यांच्या अशा नोंदी डॉक्टरांनी दहा मिनिटांत वाचल्या. "कधीपासून पितो, किती पितो" हा प्रश्न घरच्यांना विचारला की एरवी भांडणच सुरू होतं. आई म्हणते थोडीशीच, बायको म्हणते पिंपभर.

काय लिहायचं? काय घेतलं, किती, किती वाजता सुरुवात. शेवटचं कधी घेतलं, हे तर अत्यंत महत्त्वाचं. सोबत झोपेच्या गोळ्या, कफ सिरप, गांजा चालतं का. पूर्वी कधी फीट आली होती का. साखर, बीपी, कावीळ. किती उधारी झाली. प्रमाण लिहिताना "थोडी" असं लिहू नका, बाटलीचं माप लिहा. व्हिस्की-रमची एक क्वार्टर म्हणजे 180 मिली. बाटलीवर 42.8 टक्के असं छापलेलं असेल तर त्यात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. परदेशातल्या तक्त्यांत एक 'ड्रिंक' बहुतेक 10 ग्रॅमचं धरतात. म्हणजे आपल्याकडचा "मी फक्त एक क्वार्टर घेतो" म्हणणारा रोज सहा ड्रिंक घेत असतो.

वही त्याच्या अंगावर फेकायला ठेवायची नाही. वहिनीनं एकदा रागात तसं केलं आणि मग पुढची वही तिला तांदळाच्या डब्यात ठेवावी लागली.

एका झटक्यात घरीच बंद करायला लावू नका

या मुद्द्यावर जास्त वेळ घेते, कारण इथे माणसं मरतात.

आपल्याकडे दारू सोडायचा ठरलेला मुहूर्त म्हणजे श्रावण. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून कडकडीत बंद. दादानं एका वर्षी तेच केलं. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, देवळात जाऊन आला. पहिल्या दिवशी घाम आणि हातापायांची थरथर, रात्री झोप नाही. आम्हाला वाटलं, होणारच, सोसायला हवं. दुसऱ्या रात्री तो उठून भिंतीवरून काहीतरी झटकू लागला. "मुंग्या बघ किती," म्हणाला. भिंत कोरी होती. तिसऱ्या दिवशी त्यानं मला ओळखलं नाही, कारखान्यात असल्यासारखा हवेतच नटबोल्ट आवळत बसला. शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं लागलंय, आणि आम्ही तालुक्याला दवाखान्यात जायचं सोडून आधी देवऋषाकडे गेलो. लिंबू, अंगारा, दीड तास. गाडीतच त्याला फीट आली.

शरीर वर्षानुवर्षं दारूच्या दाबाखाली असतं, मेंदू त्याविरुद्ध जोर लावून तोल सांभाळत असतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थपणा. साधारण पहिल्या दोन दिवसांत फीट येण्याचा धोका. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणं. या शेवटच्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर ती जीव घेते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा अशी थरथरणारी, बरळणारी माणसं ठिकठिकाणच्या दवाखान्यांत येऊ लागली होती. तलफ लागली म्हणून ती आली नव्हती, शरीर कोसळलं म्हणून आली होती.

तेव्हा रोज पिणाऱ्याची दारू बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड, लोरॅझेपॅम यांसारखी औषधं देऊन मेंदूला हळूहळू खाली आणतात. सोबत बी-1, म्हणजे थायमिन देतात. गावाकडे अशक्तपणा म्हणून पिणाऱ्याला नुसती ग्लुकोजची बाटली लावतात. बी-1 आधीच संपलेलं असताना असं केलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून "डॉक्टर, हे रोज पितात" हे वाक्य सलाईन लावण्याआधी, मोठ्यानं, चारचौघांत बोला. इभ्रत गेली तर जाऊ दे. आणि शेवटची दारू कधी, हे वहीत बघून सांगा.

घरात आधीच बंद झाली असेल आणि फीट, भ्रम, ताप, सतत उलट्या यांपैकी काही दिसलं तर 108 ला फोन. फीट आलेल्याच्या तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, वेळ बघायची.

रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यालाही हेच लागू आहे, त्याही एकदम तोडायच्या नाहीत. गर्दची गोष्ट जरा निराळी. गर्दुल्ले ज्याला 'टर्की' म्हणतात तो त्रास काही तासांत सुरू होतो. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं पिळवटल्यासारखी दुखणं, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला जातो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. धडधाकट माणसाचा टर्कीनं सहसा जीव जात नाही, पण तो सहन न होऊन माणूस पुन्हा ओढायला जातो. यावर औषधं आहेत, त्यामुळे सोसण्यात कसलं पुण्य नाही.

झाकणं थांबवा

बारा वर्षं दादाची दारू आम्ही चालवली, असं मी म्हणते तेव्हा आईला अजून राग येतो. पण हिशेब बघा. सकाळी तो उठला नाही की वहिनी कारखान्यात फोन करायची, "ताप आलाय." वाइन शॉपशेजारच्या टपरीची उधारी मी फेडायचे. सोसायटीचा हप्ता वडिलांच्या पेन्शनमधून जायचा. रस्त्यात पडला तर चुलतभाऊ उचलून आणायचे, आणि सकाळी त्याला कळायचंही नाही की तो पडला होता. दारूचा प्रत्येक फटका आम्ही मधेच झेलला. त्याच्यापर्यंत पोचलं ते फक्त गरम जेवण.

हे बंद करताना एकदम सगळं तोडू नका, एकेक धरा. आम्ही फोनपासून सुरुवात केली. वहिनीनं त्याला शुद्धीत असताना सांगितलं, "उद्यापासून तुमच्या कामावर मी फोन करणार नाही. तुम्हीच करा." एवढंच. टोमणा नाही, रडणं नाही. दोन आठवड्यांत कारखान्यातून पहिली नोटीस आली. तो कागद त्याच्या हातात पडला आणि त्याच्याच हातात राहिला. पुढे डॉक्टरांकडे जायला तो तयार झाला त्यात आमच्या सगळ्यांच्या रडण्यापेक्षा त्या कागदाचा वाटा मोठा होता.

जेवण, औषध, दवाखाना कधी तोडायचं नाही. रोख पैसे, उधारी फेडणं आणि खोटं बोलणं तोडायचं. बायकोचा पगार आणि दागिने तिच्याच नावावर, तिच्याच ताब्यात. जमिनीचे, घराचे कागद घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे. कुठल्याही कर्जाला जामीन म्हणून सही नाही, "शेवटची" सुद्धा नाही.

मारहाण होत असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. तिथे आधी सुरक्षितता. पिशवीत आधार कार्ड, थोडे पैसे, मुलांची कागदपत्रं भरून ठेवा, शेजारच्या एका घरी सांगून ठेवा, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 ला फोन करा. तो आजारी आहे म्हणून मार खायचा, असं कुठलंही उपचारशास्त्र सांगत नाही.

बोलायचं कधी, कसं

प्यायलेल्याशी बोलायचं नाही. त्या वेळी बोललेलं सकाळी त्याच्या डोक्यात उरत नाही आणि तुमच्या मात्र आठवडाभर उरतं. सकाळची, तोंड धुऊन चहा घेतल्यानंतरची वेळ बरी. एक किंवा फार तर दोघं. मामा, सरपंच, भावकी असा दरबार भरवला की तो शपथ घेऊन सुटतो. शपथ घेणं फार सोपं असतं हो. आमच्या दादानं विठोबाच्या पायाशी दोनदा घेतली, माळही घातली, आणि माळ घालून प्यायल्याच्या अपराधानं आणखी प्यायला लागला.

मी शेवटी काय बोलले ते जसंच्या तसं सांगते, कारण गटात सगळे तेच विचारतात. (छोटी म्हणजे त्याची मुलगी.) म्हटलं, "दादा, परवा रात्री तू जिन्यात पडलास. छोटीनं तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं, तिला वाटलं तू गेलास. मला भीती वाटते. मंगळवारी दहा वाजता मी डॉक्टरांची वेळ घेतलीय, फक्त तपासायला. मी सोबत येते." तो चिडला, उठून गेला. सोमवारी रात्री येऊन विचारलं, "किती वाजता म्हणालीस?"

घडलेली एक गोष्ट, आपल्याला काय वाटलं ते, आणि लहानशी, ठरलेल्या दिवसाची एक मागणी. "सोडून दे" ही मागणी डोंगराएवढी वाटते, "एकदा तपासून ये" ही पेलते. नाही म्हणाला तर वाद घालू नका, आठवड्यानं पुन्हा विचारा. कावीळ, अपघात, नोटीस, पोरीची परीक्षा अशा प्रसंगानंतर दार जरा किलकिलं होतं. म्हणून डॉक्टरांचा नंबर आणि ओपीडीचे वार आधीच माहीत करून ठेवा. तो "चल" म्हणाला आणि आपण पत्ता शोधत बसलो तर संध्याकाळपर्यंत दार बंद होतं.

कुठे न्यायचं

प्रत्येकाला भरती करावं लागत नाही. बऱ्याच जणांचं ओपीडीतल्या औषधांवर आणि समुपदेशनावर भागतं. सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातून करा, केसपेपर किरकोळ पैशांत निघतो. कुठे काय आहे हे कळायला 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. 2022 पासून 14416 वर टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारी सेवा चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं. राहून उपचार घेण्याची सोय असलेल्या संस्थांमध्ये पुण्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत असतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते 1986 मध्ये सुरू केलं, गर्दनं पोरं जायला लागली त्या काळात. तंबाखू-गुटख्यासाठी 1800-11-2356 ही वेगळी क्विटलाइन आहे.

आता जे सांगते ते वाचून बहुतेक घरं खाली मान घालतात. पहिल्या वेळी आम्ही दादाला 'उचलून' नेलं. एका केंद्राच्या माणसांना फोन केला, रात्री दोन वाजता जीप आली, चौघांनी त्याला बांधलं आणि नेलं. तीन महिने भेट नाही, फोन नाही. तिथे डॉक्टर महिन्यातून एकदा येत, एरवी जुने पेशंट नव्यांना पट्ट्यानं सरळ करत. दादा परतला तो दारू सुटलेला नव्हता, आमच्यावरचा विश्वास सुटलेला होता. आठव्या दिवशी प्यायला. त्या जीपचे पैसे मी भरले होते.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांशी निगडित आजारांनाही लागू आहे. ज्याची निर्णय घेण्याची कुवत शाबूत आहे त्याला त्याच्या मर्जीनंच भरती करता येतं. ज्याची ती शाबूत नाही त्याला त्याच्या प्रतिनिधीच्या, म्हणजे बहुधा जवळच्या नातेवाइकाच्या, अर्जावर ठेवता येतं, पण दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त 30 दिवस. तीन महिने कोंडून ठेवणं त्यात बसत नाही.

म्हणून केंद्रात जाऊन, स्वतः बघून, हे विचारा. या कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणावं. मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, रात्री फीट आली तर कोण बघतं, कुठल्या दवाखान्यात नेतात? आम्ही कधी भेटू शकतो? औषधांची चिठ्ठी आणि पैशांची पावती मिळते का? घरच्यांसाठी बैठक असते का? बरा झाल्यावर पाठपुरावा किती महिने? आतल्या खोल्या, संडास, स्वयंपाकघर बघू द्या म्हणा. "आत जाता येणार नाही" म्हणाले की तिथूनच परत फिरा. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणाले तरीही.

गर्द-एमडीच्या घरांत पोलिसांची धास्ती असते, त्यापायी पोरांना दवाखान्यात नेलं जात नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच 64-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. प्रकरण सुरू असेल तर वकिलाशी या कलमाबद्दल बोला. डॉक्टरांकडे जाणं हा गुन्हा नाही.

तिथे काय होतं

पहिले सात-दहा दिवस शरीर धुऊन निघतं. लोक त्यालाच उपचार समजतात आणि "आता बरा दिसतोय" म्हणून घरी आणतात. ते फक्त अंगण झाडणं झालं. त्यानंतर समुपदेशन, गट, दिनक्रम. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं देतात. गर्दवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखालची गोळी देतात. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं तिला नावं ठेवणारे भेटतील, त्यांचं ऐकून ती मधेच बंद करू नका. ठरलेल्या डोसावर माणूस कामाला जातो, पन्नी मागे धावत नाही. एमडीसाठी असं नेमकं औषध अजून नाही, तिथे सगळी मदार समुपदेशनावर आणि बरोबर असलेल्या नैराश्याच्या उपचारांवर असते. ती मुलं सोडल्यावर फार खचतात, पहिले काही आठवडे एकटं सोडू नका.

घरी आल्यावरचे तीन महिने

दुसऱ्या वेळी दादा स्वतःच्या पायांनी गेला आणि परत आला, तेव्हा आम्ही काय केलं? रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घेतला. पाणी प्यायला वाकला तरी आई जवळ जायची. समुपदेशक बाईंनी आम्हाला झापलं. मग ठरलं ते असं: गोळी सकाळी चहाबरोबर वहिनीसमोर, त्याच्या मर्जीनं. पगार झाला की हजार रुपये त्याच्याकडे, बाकी तिच्या खात्यावर, हेही त्यानंच सुचवलं. वास बंद.

धोक्याच्या जागा त्याच्याबरोबर बसून लिहून काढा. दादाची यादी: पगाराची तारीख, गळीत हंगामाचा शेवटचा दिवस, गावची यात्रा, लग्नाची वरात, आणि बायपासचा एक ढाबा. वरातीत नाचून झाल्यावर मित्र गाडीच्या डिकीत बाटली काढतात, तिथे काय बोलायचं हे आधी पाठ केलेलं बरं. "लिव्हरच्या गोळ्या चालू आहेत" या वाक्यावर फारसं कुणी आग्रह करत नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळी तलफ उसळी मारते. ती बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो. दादा उठून नळाला पाइप लावतो आणि झाडांना पाणी घालतो. पहिल्या उन्हाळ्यात आमचा कढीपत्ता जास्त पाणी होऊन मेला.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटांच्या बैठका मोफत असतात आणि बऱ्याच शहरांत त्या मराठीत चालतात. तिथले लोक "आजचा दिवस" एवढंच बोलतात. सुरुवातीला मला ते पोरकट वाटायचं.

घसरला तर? दादा चौथ्या महिन्यात एकदा प्यायला. त्याला 'स्लिप' म्हणतात. आम्ही पुन्हा बारा वर्षं मागे गेल्यासारखे रडायला लागलो, त्यानं मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः समुपदेशकाला फोन केला. तेवढाच फरक बघायचा असतो. एका पेगनंतर दवाखाना गाठला की तो घसरलेला माणूस, लपवालपवी सुरू झाली की जुना आजार. चोवीस तासांत उपचार करणाऱ्यांना कळवा.

गर्दच्या बाबतीत मात्र घसरणं एका वेळेतच जीव घेऊ शकतं. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पोरगं जुन्या मापानं घेतं. हलवून उठत नाही, श्वास फार मंद, घरघर, ओठ निळसर असं दिसलं तर "झोपू दे, उतरेल" म्हणायचं नाही. 108 ला फोन, कुशीवर वळवणं, श्वासाकडे लक्ष, आणि आलेल्या माणसांना काय घेतलंय ते खरं सांगणं. नॅलोक्सोन नावाचं उतारा-औषध असतं, ते देण्यासाठी त्यांना हे कळायला हवं.

आणि मुलं

छोटी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं एकदा वहिनीला विचारलं, "मी गणितात नापास झाले म्हणून पप्पा पितात का?" तेव्हा कळलं की घरातल्या कुणीही तिला काही सांगितलंच नव्हतं, तिनं आपापलंच कोडं सोडवलं होतं. मुलांना त्यांच्या वयाच्या भाषेत सांगा: पप्पांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, तुला तो बरा करायचा नाही, आणि भीती वाटली तर अमक्या काकूंकडे जायचं. बाटली आणायला मुलांना पाठवायचं नाही. त्यांच्याकडून हेरगिरी करवायची नाही. त्यांना कुणाशी बोलायचं असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

वहिनीचं बीपी त्या वर्षांत एकदाही कुणी मोजलं नव्हतं. गटात आल्यावर मोजलं, गोळी सुरू झाली. कुटुंबीयांचे असे गट व्यसनमुक्ती केंद्रांत असतात, अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या संघटनेचेही असतात. तो उपचाराला तयार असो वा नसो, आपल्याला जाता येतं.

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागच्या पानावर स्केच पेननं लिहिलेलं आहे, दरवर्षी छोटी नव्या कॅलेंडरवर उतरवते: 14446, 14416, 108, 112, 181, 1098, दादाच्या समुपदेशकाचा मोबाइल, ओपीडीचे वार मंगळवार-शुक्रवार. त्याच्याखाली गॅसचा आणि केबलवाल्याचा नंबर. यंदा तिनं उतरवताना 181 राहून गेला, तर दादानंच तो भरला.